सव्वा लाखाचा फोन घ्यावा का?

घर आणि हिशेब

दिवाळी जवळ आली की मध्यमवर्गीय घरात दोन याद्या तयार होतात. एक गृहिणीची, तिच्यात रवा, बेसन, उटणे, पणत्या आणि कामवाल्या बाईंची साडी. दुसरी यादी कागदावर नसते. पण बोनसची तारीख जवळ येऊ लागली म्हणजे जेवताना तिचा उच्चार होऊ लागतो. अलीकडे या दुसऱ्या यादीत पहिले नाव फोनचे असते. आणि तोही साधासुधा नको. सर्वांत वरचा, नुकताच बाजारात आलेला, शेजारच्या बिऱ्हाडात अजून न पोहोचलेला! तेव्हा वाचकहो, या सदरात आपण एरवी डाळी-तेलाचा करतो तसाच सरळ हिशेब आज या फोनचा करू.

असे अँड्रॉइड फोन दरवर्षी नवे येतात. हिशेबाला धरायला एक नमुना हवा म्हणून जानेवारी २०२५ मध्ये आलेला सॅमसंगचा गॅलक्सी एस२५ अल्ट्रा घेऊ. भारतात त्याची आरंभीची किंमत १,२९,९९९ रुपये होती. फोनवर १८ टक्के जीएसटी असतो. १ एप्रिल २०२० पूर्वी तो १२ टक्के होता. म्हणजे या किमतीतले सुमारे १९,८०० रुपये निव्वळ कराचे. हा आकडा ध्यानात ठेवा. तो पुढे उपयोगी पडणार आहे.

दुकानदार म्हणेल, "वहिनी, एकदम कशाला देता? बिनव्याजी हप्ते आहेत की!" बिनव्याजी कर्ज या जगात फक्त माहेरी मिळते. शून्य टक्के व्याजाच्या अशा योजनांना रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच हरकत घेतली होती. आता व्यवहार असा चालतो की व्याजाइतकी सूट आधी किमतीत दाखवायची आणि मग बँकेने तेवढे व्याज हप्त्यांतून घ्यायचे. पण त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी पडतो, तो आपल्यालाच भरावा लागतो. वार्षिक १५ टक्के दराने बारा हप्ते धरले तर व्याज होते सुमारे १० हजार आणि त्यावरचा कर सुमारे १,८०० रुपये. शिवाय बँकेचे प्रक्रिया शुल्क वेगळे. रक्कम मोठी नाही, पण 'बिनव्याजी' या शब्दाचा अर्थ समजण्यापुरती आहे.

आता वस्तूच्या बाजूनेही बोलले पाहिजे. या फोनला कंपनीने सात वर्षांपर्यंत नवी प्रणाली आणि सुरक्षेची दुरुस्ती पुरवण्याचे वचन दिले आहे. हे वचन फार मोलाचे. आज आपले बँकेचे व्यवहार फोनवर चालतात. ज्या फोनची सुरक्षा-दुरुस्ती बंद झाली, तो कडी बिघडलेल्या दारासारखा समजावा. सात वर्षांनी भागले तर १,२९,९९९ रुपयांचे वर्षाला सुमारे १८,५७१ रुपये, म्हणजे दिवसाला ५१ रुपये पडतात. मुंबईत दोन माणसांचा चहा-वडापाव त्याहून स्वस्त होत नाही, असे घरातला उत्साही वकील सांगेल. आणि त्याचे गणित चुकीचे नाही.

पण त्याला दुसरे गणित घालावे. त्याच कंपनीने ऑक्टोबर २०२४ मध्ये गॅलक्सी ए१६ नावाचा फोन १८,९९९ रुपयांना आणला. त्याला सहा वर्षांच्या दुरुस्तीचे वचन आहे. तो दिवसाला ९ रुपयांहून कमी पडतो. महागड्या फोनच्या एका वर्षाच्या वाट्यात हा फोन जवळजवळ आख्खा येतो, आणि महागड्या फोनवरच्या नुसत्या करात तर येऊन वर चिल्लर उरते. बॅटरी दोघांतही सारखीच, ५००० एमएएचची. दोघांवर फोन लागतो, पैसे पाठवता येतात, नातवंडाचे तोंड दिसते.

मग एक लाख अकरा हजार रुपये जास्तीचे कशाचे? बहुतांशी कॅमेऱ्याचे, वेगाचे, पडद्याच्या तेजाचे आणि टायटॅनियमच्या चौकटीचे. कॅमेरा खरोखरच उत्तम आहे; दूरची वस्तू जवळ आणतो, अंधारात दिसते त्याहून बरे टिपतो. फक्त एवढेच, की तो २०० मेगापिक्सेलचा फोटो आपण व्हॉट्सॲपवर नेहमीच्या रीतीने काकूंना पाठवला की वाटेत तो आकसून जातो, आणि काकूंच्या जुन्या फोनच्या चरा पडलेल्या काचेवर जाऊन बसतो. आणखी एक गोष्ट पाण्याची. महागडा फोन दीड मीटर गोड्या पाण्यात अर्धा तास तग धरतो असे प्रमाणपत्र असते. स्वस्त फोन शिंतोड्यांपुरता टिकतो. फरक खरा आहे. पण पाण्याने झालेली हानी हमीत सहसा धरत नाहीत, हे हमीपत्राच्या बारीक अक्षरांत वाचून घ्यावे. कोकणच्या पावसाला दोन्ही फोनांनी जाड प्लॅस्टिकच्या पिशवीतच राहावे.

इथवरचा सारा हिशेब एका टोकाचा झाला. मिक्सर एकट्याने फिरतो, इस्त्री एकटी तापते. फोनला मात्र दुसरे टोक लागते. मुंबई-ठाण्यात राहणाऱ्या कितीतरी बिऱ्हाडांचे हे दुसरे टोक रायगडच्या आतल्या डोंगरांत, महाड-पोलादपूरकडे असते. पूर्वी ही दोन टोके मनिऑर्डरने बांधलेली असत. पैशापेक्षा कूपनावरच्या चार ओळींचीच वाट पाहिली जाई. आता तिथे फोन आला आहे. तेव्हा आपला सव्वा लाखाचा फोन त्या टोकाला काय देतो, हे पाहिल्यावाचून हिशेब पुरा होणार नाही.

उदाहरण म्हणून कुडपण घ्या. पोलादपूर तालुक्यातले हे गाव सह्याद्रीच्या माथ्याजवळ, प्रतापगडाच्या शेजारात वसले आहे. सभोवती कडे, खाली खोल दऱ्या, पावसाळ्यात धबधबे, आणि भीमाची काठी म्हणून ओळखला जाणारा उभा सुळका. शहरातून जाणाऱ्या पाहुण्याचा कॅमेरा इथे जागेवर राहत नाही. पण ज्याचे आईवडील अशा गावात राहतात, त्याला देखाव्यापेक्षा एका साध्या गोष्टीची काळजी असते: संध्याकाळी फोन लागेल ना?

डोंगरात फोन का लागत नाही, हे समजून घेण्यासारखे आहे. मोबाइलची लहर टॉवरकडून निघते आणि मध्ये कडा आला की त्याच्या मागे सावली पडते. त्या सावलीत तुमचा फोन १९ हजारांचा असो की १ लाख ३० हजारांचा. जी लहर पोहोचलीच नाही, ती पकडणार कोण? लहरींतही भेद आहेत. ७००, ८५०, ९०० मेगाहर्ट्झच्या खालच्या पट्टीतल्या लहरी लांब जातात आणि आडोशाला थोड्याफार वळसा घालतात. २३०० किंवा ३३०० मेगाहर्ट्झच्या वरच्या पट्टीतल्या लवकर अडतात. पालखीतला ढोल दोन वाड्यांपलीकडे ऐकू येतो आणि टाळ येत नाही, तसे समजा. ऑक्टोबर २०२२ पासून आपल्याकडे फाइव्ह-जी आले. त्याचा शहरातला वेग मुख्यतः या वरच्या पट्टीवर चालतो. डोंगरातल्या घराला उपयोग आहे तो खालच्या पट्टीचा, आणि ती पट्टी आजच्या साध्या फोनलाही कळते.

म्हणून अशा गावासाठी प्रश्न 'कोणता फोन' हा दुसरा. पहिला प्रश्न 'कोणते सिम' हा. सुट्टीला गावी जाल तेव्हा निरनिराळ्या कंपन्यांची सिमे बरोबर न्या. ओटीवर, माजघरात, मागील दारी आणि विहिरीच्या वाटेवर एकेक लावून पाहा. जे आईच्या रोजच्या बसण्याच्या जागी चालेल, ते घ्या. मुंबईत कोणते चांगले याला महत्त्व नाही. नंबर न बदलता कंपनी बदलण्याची सोय देशभर २०११ पासून आहे. फोन दोन सिमांचा घ्या आणि दोन्ही सिमे वेगवेगळ्या कंपन्यांची ठेवा. घरी ब्रॉडबँडची तार पोहोचत असेल तर सोन्याहून पिवळे. आजच्या बऱ्याच फोनांत वाय-फायवरून साधा कॉल करण्याची सोय असते, ती सुरू करून द्या. मग टॉवर दिसला नाही तरी घंटी वाजते.

या गोष्टी गमतीच्या नाहीत, हे या भागाने सोसले आहे. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यात तळिये गावावर डोंगर उतरला आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्याच दिवशी पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर-सुतारवाडी येथेही दरडी कोसळल्या. महाड पाण्याखाली होते. वीज गेली होती, फोन बंद पडले होते, रस्ते तुटले होते. मुंबईत त्या रात्री हातात फोन घेऊन बसलेल्यांना आपला फोन कोणत्या किमतीचा आहे, हे आठवले नसेल. नंतर २०२३ मध्ये सरकारने आपत्तीचा इशारा थेट मोबाइलवर मोठ्या आवाजात वाजवण्याच्या चाचण्या केल्या. तो इशारा साध्या फोर-जी फोनवरही वाजतो. ११२ हा मदतीचा क्रमांक आपल्या कंपनीची रेंज नसली तरी दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून लागू शकतो. मात्र या दोन्हींना एक अट आहे: फोन चालू हवा आणि त्यात बॅटरी हवी.

आणि इथेच आपल्या घरांतली एक रीत तपासून पाहावी, असे मला फार दिवस वाटत आहे. आपण नवा फोन घेतो आणि जुना गावी पाठवतो. "आईला काय, बोलायलाच तर लागतो!" असे म्हणतो. त्या जुन्या फोनची बॅटरी दुपारपर्यंत दम टाकते, त्याची सुरक्षा-दुरुस्ती बंद झालेली असते, कर्णा घोगरा झालेला असतो. आता पाहा: मुंबईत फोन बिघडला तर कोपऱ्यावर दुरुस्तीचे दुकान आहे, वीज सहसा जात नाही, शेजाऱ्याचा फोन हाताशी आहे. कुडपणसारख्या गावी बिघडला तर तो घेऊन कोणीतरी घाट उतरायचा, पोलादपूर किंवा महाड गाठायचे, आणि तोवर घर मुके. पावसाळ्यात वीज गेली तर तीच बॅटरी पुरवायची. म्हणजे ज्या टोकाला फोन मोडणे परवडत नाही, त्या टोकाला आपण मोडका फोन देतो. सासूबाई काही बोलत नाहीत. "लागतो गं बाई कधीकधी," एवढेच म्हणतात. मग फोन लागला की दोन्ही बाजूंनी पाच मिनिटे "ऐकू येतंय का?" एवढाच संवाद होतो, आणि आपण म्हणतो, आईला हल्ली कमी ऐकू येते.

माझे म्हणणे एवढेच, की या दिवाळीत ही रीत उलटी करून पाहावी. नवा फोन गावी जाऊ द्या. तो १९ हजारांच्या आसपासचाच असो. पण दोन सिमांचा, ताज्या बॅटरीचा, मोठ्या अक्षरांचा, खणखणीत कर्ण्याचा आणि पुढे पाच-सहा वर्षे दुरुस्ती मिळणारा असावा. त्याबरोबर एक पॉवर बँक आणि जाड कव्हर द्या. दिवाळीला जाल तेव्हा चार दिवस शेजारी बसून तो शिकवून या. घरच्यांचे नंबर फोटोसह लावून द्या, ११२ कसा लावावा ते दाखवा. आपलाही फोन खरोखर थकला असेल तर तशाच किमतीचा दुसरा घ्या. दोन्हींचे मिळून होतात ३७,९९८ रुपये. आपल्या नमुन्याच्या किमतीतून पॉवर बँक वगैरे धरूनही ९० हजारांच्या आसपास शिल्लक उरते. तिचे काय करावे, हे ज्याच्या गावच्या घराची कौले शाकारायची राहिली आहेत, त्याला मी सांगायला नको.

मग महागडा फोन कोणी घेऊच नये काय? तसे मुळीच नाही. ज्याची कमाई कॅमेऱ्यावर आहे, त्याने तो अवजार म्हणून घ्यावा. सुतार करवतीत काटकसर करत नाही. गावाकडे पर्यटकांसाठी घरगुती राहण्याची सोय चालवणाऱ्या तरुणाला चांगले फोटो हेच दुकानाचे फळकूट असते. त्यालाही तो कदाचित फळेल. ज्याला छंद आहे, ऐपत आहे आणि जो सात वर्षे तोच फोन वापरण्याची शपथ बायकोसमोर घ्यायला तयार आहे, त्याने खुशाल घ्यावा. फक्त नवा आला त्या आठवड्यात घेऊ नये. याच कंपनीचा आदला एस२४ अल्ट्रा जानेवारी २०२४ मध्ये १,२९,९९९ रुपयांनाच आला होता. २०२५ च्या सणाच्या विक्रीत तो पाऊण लाखाच्या आत-बाहेर मिळत होता. दीड-पावणेदोन वर्षे थांबण्याचे पन्नास हजार रुपये दुसरीकडे कोण देणार?

जो दर दोन वर्षांनी नवा घेतो, त्याला मात्र तो रोज पन्नास रुपयांना पडत नाही. जुन्याचे निम्मे पैसे परत आले असे मानले तरी दिवसाला जवळजवळ नव्वद रुपये होतात. हा आकडा घरच्या वकिलाला जेवण झाल्यावर सांगावा. आधी सांगू नये.

तेव्हा दुकानात जाण्यापूर्वी एक काम करा. आज संध्याकाळी गावी फोन लावा. पहिल्या खेपेत लागतो का, आवाज स्वच्छ येतो का, आणि आईच्या फोनची बॅटरी कितीवर आहे, हे विचारा. तिच्या उत्तरावरून या दिवाळीत कोणाचा फोन बदलायचा आहे, ते आपोआप ठरेल.