तरोटा महोत्सवात, बांधावर मात्र फवारा

दरवर्षी ऑगस्टच्या सुमारास कृषी विभाग जिल्ह्याजिल्ह्यांत रानभाजी महोत्सव भरवतो. आमच्या बचत गटाच्या बायकाही तिथे तरोटा घेऊन बसतात. (कोकणात, पश्चिम महाराष्ट्रात हाच टाकळा.) खरं तर तोवर तो जून झालेला असतो. मृगाच्या सरींनंतर उगवलेला वीतभर, कोवळा पालाच भाजीचा. वाफवून पिळायचा, लसूण-मिरचीच्या फोडणीत भिजवलेल्या तुरीच्या डाळीबरोबर परतायचा. पोट साफ होतं. पण हा सोनामुखीचा भाऊबंद, अति खाल्ला तर ढाळ लागतात! नायट्यावर याचं बी ताकात वाटून लावायची जुनी रीत आहे. नायटा पसरत असेल तर मात्र डॉक्टरच गाठावा.

ही भाजी बायकांना मिळायची ती निंदणातून. दिवसभर दुसऱ्याच्या वावरात निंदायचं, संध्याकाळी ओटीत तरोटा नाही तर घोळ घेऊन यायचं. आता मजुरी परवडत नाही म्हणून तणनाशक मारतात. शेतकऱ्याची अडचण मला कळते. पण निंदणाची रोजी गेली आणि ओटीतली भाजीही गेली, हा हिशेब कोणी मांडत नाही. ग्लायफोसेटची फवारणी फक्त कीडनियंत्रण व्यावसायिकांनीच करावी, अशी अधिसूचना केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये काढली. गावात पंप कोणाच्या पाठीवर असतो, ते आपण बघतोच.

धोका पुढेच आहे. ग्लायफोसेट मारल्यावर पान लगेच वाळत नाही, काही दिवस हिरवंच दिसतं. औषध पानात मुरतं, धुऊन निघत नाही. म्हणून वावर ज्याचं, त्याला विचारल्याशिवाय खुडू नका. आणि कासविंद्याशी गल्लत नको. तरोट्याच्या पानाला पानोळ्यांच्या तीन जोड्या, टोकं गोलसर. कासविंद्याच्या जोड्या जास्त आणि टोकदार. पश्चिम उत्तर प्रदेशात लहान मुलं आजारी पडून दगावत होती, त्याचा संबंध २००७ च्या सुमारास डॉक्टरांनी कासविंद्याच्या शेंगांशी जोडला. पोरांना हा फरक दाखवून ठेवा.

गावच्या ई-क्लास जमिनीवर आणि पांदणीच्या कडेला तणनाशक मारू नये, असा अर्ज आमच्या गटाने ग्रामसभेसाठी दिला आहे. सरपंचबाई म्हणाल्या, "ठेवू विषय." पुढच्या सभेला आम्ही सगळ्या जाणार आहोत.