गुत्त्याला मालक हवा

मराठीत गुत्ता म्हणजे मक्ता आणि गुत्ता म्हणजे दारूचा अड्डाही. सरकारकडून आबकारीचा मक्ता घेणारा आणि दुकान चालवणारा माणूस एकच असे, म्हणून हे दोन अर्थ एका शब्दात नांदले. चेन्नईत हे नाते तुटून वीस वर्षे उलटली. तिथला गुत्तेदार खुद्द राज्य सरकार आहे. एम. जी. रामचंद्रन यांच्या काळात, १९८३ साली 'टास्मॅक' हे महामंडळ दारूच्या घाऊक व्यापारासाठी निघाले. २००३च्या अखेरीस जयललिता सरकारने किरकोळ विक्रीही त्याच्याच हाती दिली. आज नेहमीचे दुकान म्हणजे लोखंडी जाळीची खिडकी. जाळीतून नोट आत जाते, क्वार्टर बाहेर येते. आपल्याकडे कटिंग म्हटले की अर्धा चहा. चेन्नईत दोघांनी मिळून घेतलेली क्वार्टर. ती प्यायची शेजारच्या बारमध्ये. तो बार मात्र निविदा भरलेल्या ठेकेदाराचा, आणि ग्लास, पाणी, चकणा विकून त्याने आपला ठेका वसूल करायचा. बाटली देणाऱ्याला पिणारा दिसत नाही आणि पिणारा ज्याला दिसतो त्याने बाटली विकलेली नसते. चेन्नईतल्या दारूच्या प्रश्नाचे मूळ दुकानांच्या संख्येपेक्षा या फाळणीत अधिक आहे.

इंग्लंडमध्ये पब चालवणाऱ्याला 'लँडलॉर्ड' म्हणतात, आणि त्या शब्दामागे मोठा इतिहास आहे. १५५२च्या कायद्याने दारूघर चालवणाऱ्याने न्यायदंडाधिकाऱ्यांकडून परवाना घ्यावा आणि आपल्या घरात शिस्त राहील अशी हमी लिहून द्यावी, असे ठरले. पुढे परवानेदाराचे नाव दारावर रंगवण्याची रीत पडली. हा माणूस साधुसंत नव्हता, त्यालाही धंदाच करायचा होता. पण झिंगलेल्याला 'आता पुरे' म्हणण्यात त्याचा स्वार्थ होता, कारण दंगा झाला तर परवाना त्याचा जाणार. चेन्नईतल्या खिडकीमागचा विक्रेता एकत्रित मानधनावरचा कर्मचारी असतो. नकार देऊन त्याला काही मिळत नाही, विकून काही गमवावे लागत नाही. त्याच शहरातल्या तारांकित हॉटेलात चित्र वेगळे आहे. तिथला परवाना हॉटेलच्या नावावर असतो, चुकीची किंमत हॉटेलच मोजते. म्हणजे ऐपतवाल्यांच्या बारला मालक आहे, मजुराच्या गुत्त्याला नाही. फेब्रुवारी २०२२मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या एकलपीठाने दुकानांना जोडलेले बार सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला. १९३७च्या दारूबंदी कायद्याने महामंडळाला असे बार चालवण्याचा अधिकारच दिलेला नाही, असे त्याचे म्हणणे होते. प्रकरण अपिलात गेले, पण 'या बारचा धनी कोण' हा प्रश्न न्यायालयालाही पडला, हे विसरता येत नाही.

यावर पहिला आक्षेप असा की, खासगी गुत्तेदारांच्या टोळ्या लोकांनी पाहिल्या आहेत. लिलावात संगनमत, करबुडवेगिरी, भेसळ यांवर उपाय म्हणूनच सरकार या धंद्यात उतरले. आक्षेप खरा आहे. पण तो लिलावावरचा आहे, व्यक्तिगत परवान्यावरचा नाही. शेकडो दुकाने एका हाती जाऊ द्यायची नाहीत, एका माणसाला एकच दुकान द्यायचे, तर टोळी बनणे अवघड होते. दुसरा आक्षेप दारूबंदीवाल्यांचा: मालक कशाला, गुत्ताच नको. तमिळनाडूने हेही करून पाहिले. राजाजींनी १९३७मध्ये सेलम जिल्ह्यापासून सुरुवात केली, १९४८मध्ये सारा मद्रास प्रांत दारूबंदीखाली आला आणि १९७१मध्ये करुणानिधींनी ती उठवली. पुढेही धोरण हेलकावे खात राहिले; ताडी तर १९८७पासून बंद आहे. बंदीने पिणे थांबत नाही, विक्रेता अदृश्य होतो. जून २०२४मध्ये कल्लकुरिचीत मिथेनॉल मिसळलेल्या अवैध दारूने साठहून अधिक माणसे मारली. सरकारी दुकाने उघडी असतानाही ज्याला ती परवडत नव्हती, तो बिनचेहऱ्याच्या विक्रेत्याकडे गेला.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे, तो पैशाचा. २०२३-२४मध्ये 'टास्मॅक'मधून राज्याला आबकारी आणि विक्रीकर मिळून ४५ हजार कोटींहून अधिक रुपये मिळाले. कल्याणकारी योजनांचा भार उचलणाऱ्या राज्याने यावर पाणी कसे सोडावे? पण परवाना व्यक्तीच्या नावे दिला म्हणून कर बुडत नाही. सुटते ती फक्त दुकानदारी. शिवाय राजाजींनी आबकारीचा खड्डा भरण्यासाठी १९३९मध्ये विक्रीकर आणला आणि तोच पुढे राज्यांच्या तिजोरीचा कणा झाला. पर्याय शोधावा लागला की सापडतो. आजची अडचण अशी की विक्री वाढवणारा आणि विक्रीवर लगाम घालणारा हात एकच आहे. २०२३मध्ये स्टालिन सरकारने ५०० दुकाने बंद केली. पण जवळचे दुकान बंद झाले की गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जाते, रांग तेवढी लांबते.

महाराष्ट्राने हे दुरून पाहून समाधान मानू नये. जून २०२५मध्ये आपल्या मंत्रिमंडळाने मद्यावरील शुल्क वाढवले, तेव्हा चर्चा झाली ती वाढीव १४ हजार कोटींची. तिजोरीची ओढ इथेही तशीच आहे. पण आपल्याकडे एक गोष्ट चेन्नईने घ्यावी अशी आहे. वॉर्डातल्या किंवा गावातल्या निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी 'आडव्या बाटली'ला कौल दिला, तर दुकान बंद करावे लागते. अंमलबजावणीत खोट असेल, पण इथे दुकानाला शेजाऱ्यांपुढे उत्तर द्यावे लागते. चेन्नईत बाटली देणाऱ्यानेच पिणाऱ्याला बसवावे, परवाना त्याच्या नावे असावा आणि तो टिकवण्याचा कौल गल्लीतल्या बायकांच्या हाती असावा. मग जाळीच्या जागी माणूस बसेल, आणि आज उंबऱ्याबाहेर होणाऱ्या भांडणाचा हिशेब कोणाकडे मागायचा, हे त्या गल्लीला कळेल.