देशोदेशींच्या वास्तू : पोमर्सफेल्डेनचा जिना

जर्मन भाषेत 'श्लोस' असा एक शब्द आहे आणि तो अनुवादकाला हमखास अडवितो. शब्दकोशात त्याला किल्ला, गढी, राजवाडा असे प्रतिशब्द मिळतात. परंतु ज्या श्लोसची ओळख आज वाचकांना करून द्यावयाची आहे, त्याला यांपैकी एकही नीट लागू पडत नाही. त्याला तटबुरूज नाहीत, म्हणून तो किल्ला किंवा गढी नव्हे. आणि तो कोणत्याही राज्याची राजधानी नव्हता, म्हणून राजवाडाही नव्हे. तेव्हा आपण त्याला साधेपणाने वाडा म्हणू. हा वाडा कोणाच्या मालकीचा, या प्रश्नाला त्याच्या इतिहासात फार महत्त्व आहे.

बवेरियाच्या उत्तर भागात फ्रँकोनिया नावाचा प्रदेश आहे. त्यातील बाम्बेर्ग शहराच्या दक्षिणेस सुमारे वीस किलोमीटरांवर पोमर्सफेल्डेन हे लहानसे खेडे लागते. त्या खेड्याला लागूनच वालुकाश्माचा हा प्रचंड वाडा उभा आहे. त्याचे नाव 'वाइसेनश्टाइन'. तो बांधणारा गृहस्थ लोथार फ्रान्झ फॉन शोनबोर्न १६५५ साली जन्मला, १६९३ मध्ये बाम्बेर्गचा राजबिशप झाला आणि दोनच वर्षांनी माइन्त्सचा आर्चबिशप. राजबिशप ही काय चीज आहे, हे वाचकांना थोडे सांगावयास हवे. एखाद्या मठाचा अधिपती आणि एखादा संस्थानिक या दोन्ही भूमिका एकाच माणसाकडे आल्या, तर जे होईल ते राजबिशप. तो धर्मगुरू असे, आणि प्रजेकडून करही घेई. मात्र त्याची गादी वंशपरंपरेची नसे. धर्मपीठाचे सदस्य त्याला निवडून देत, तो अविवाहित असे, आणि त्याच्या पश्चात गादी, महाल, भांडीकुंडी सारे काही पीठाकडे राही. बाम्बेर्गमध्ये लोथार फ्रान्झने भव्य नवे निवासस्थान बांधले खरे, पण ते त्याचे नव्हते; तो तेथला भाडे न देणारा बिऱ्हाडकरू होता, असे म्हटले तरी चालेल.

१७१० मध्ये पोमर्सफेल्डेनच्या जुन्या सरदार घराण्याचा वंश खुंटला आणि तेथील मालमत्ता त्याच्याकडे आली. जुन्या वास्तूची डागडुजी करीत न बसता त्याने नवेच घर उभारावयाचे ठरविले. तेव्हा तो पंचावन्न वर्षांचा होता.

पैसा कोठून आला, याची कथा मनोरंजक आहे. १७११ च्या एप्रिलमध्ये सम्राट योझेफ पहिला देवीच्या रोगाने वारला. नव्या सम्राटाची निवड करणाऱ्या मतदारमंडळाचे प्रमुखपद माइन्त्सच्या आर्चबिशपकडे असे. म्हणजेच लोथार फ्रान्झकडे. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये फ्रांकफुर्ट येथे दिवंगत सम्राटाचा भाऊ सहावा कार्ल निवडून आला आणि नव्या सम्राटाने आपल्या पाठीराख्याला घसघशीत देणगी दिली. ती रक्कम पोमर्सफेल्डेनच्या पायात गेली. अशा देणगीला आज आपण कोणते नाव देऊ, हे वाचकांनीच ठरवावे. त्या काळी तिची फारशी लाज कोणी बाळगीत नसे.

१७११ ते १७१८ या सात वर्षांत वाड्याचे मुख्य काम झाले. एवढ्या मोठ्या वास्तूला हा वेग थक्क करणारा आहे. मुख्य स्थपती योहान डीन्त्सेनहोफर. समोरच्या अर्धवर्तुळाकार पागा माक्सिमिलियान फॉन वेल्श याच्या. शोनबोर्न मंडळी आपल्या या छंदाला गमतीने 'बांधकामाचा किडा' म्हणत. हा किडा एकदा डोक्यात शिरला की निघत नाही, हे आपल्याकडे ज्यांनी घर बांधावयास काढले आहे त्यांना सांगणे नलगे.

आता जिन्याकडे वळू. हा वाडा पाहावयास जाणारा मनुष्य प्रथम जिन्यातच थबकतो, आणि ते योग्यच आहे. दारातून आत पाऊल टाकताच आपण खोलीत नव्हे, तर एखाद्या झाकलेल्या चौकात आल्यासारखे वाटते. डाव्या आणि उजव्या हातांना एकेक जिना सुरू होतो. दोन्ही जिने सारख्याच वळणांनी, सारख्याच विसाव्यांवर थांबत वर चढतात आणि शेवटी मुख्य दिवाणखान्याच्या दारासमोर एकत्र येतात. भोवताली तिन्ही मजल्यांवर सज्जे आहेत. त्यांत उभे राहून वर येणाऱ्याकडे पाहता येते. सर्वांत वर छतावर योहान रुडोल्फ बिस याने सूर्यदेव अपोलो आणि पृथ्वीचे चार खंड चितारले आहेत.

हा जिना ही लोथार फ्रान्झची स्वतःची कल्पना, आणि तिचा त्याला मोठा अभिमान होता. परंतु एवढ्या मोठ्या पोकळीचे करावयाचे काय, हा पेच पडला. त्याचा पुतण्या फ्रीडरिख कार्ल व्हिएन्नाच्या दरबारात मोठ्या अधिकारावर होता. त्याच्यामार्फत तेथील विख्यात स्थपती लुकास फॉन हिल्डेब्रांट याचा सल्ला घेण्यात आला, आणि सभोवतालच्या सज्ज्यांची योजना त्याने सुचविली. नकाशा पाहिला तर वाड्याच्या मधल्या भागाची निम्मी जागा एकट्या जिन्याने व्यापली आहे, असे दिसते. राहत्या घरात जिन्यासाठी एवढी जागा कोणी घालवील का?

ती घालविली असे मात्र त्या काळचा मनुष्य म्हणाला नसता. पाहुण्याला सामोरे जाण्याची रीत आपल्याकडे आहे, तशी तेथेही होती. फक्त तेथे तिचा हिशेब पायऱ्यांवर मांडला जाई. आलेला पाहुणा थोर असेल तर यजमान खाली गाडीपर्यंत उतरे. बरोबरीचा असेल तर मधल्या विसाव्यावर उभा राही. कमी प्रतीचा असेल तर वरच थांबे. कोण कोठवर उतरला, हे सज्ज्यांतील मंडळी पाहत आणि त्यावरून ज्याची त्याची प्रतिष्ठा ठरे. अशा घरात जिना हीच खरी बैठकीची खोली.

वर संगमरवरी दिवाणखाना आहे. त्याच्या छतावरील चित्र योहान मिखाएल रोटमायर याचे, १७१७ सालचे. त्याच्या बरोबर खाली, बागेच्या पातळीवर, गुहेसारखे एक दालन आहे. त्याच्या भिंती शिंपल्यांनी आणि चकाकत्या खड्यांनी मढविलेल्या आहेत. उन्हाळ्यात तेथे गारवा राही. बाजूला आरशांची एक छोटी खोली आहे. तीत चिनी मातीची भांडी मांडून ठेवलेली असत आणि आरशांत ती शतपट होत. या शैलीला 'बरोक' म्हणतात. हा शब्द वेड्यावाकड्या मोत्याला असलेल्या पोर्तुगीज नावावरून आला, असे सामान्यतः मानतात. जुन्या गोव्यातील चर्चांच्या सोनेरी वेदी ज्यांनी पाहिल्या असतील, त्यांना तिची तोंडओळख आहेच. चित्रांचा नाद तर लोथार फ्रान्झला जिन्याहूनही जुना. १७१९ मध्ये त्याच्या संग्रहाची छापील सूची निघाली. १८६७ मध्ये वंशजांनी त्यातील काही भाग पॅरिसला विकला, तरी सहाशेहून अधिक चित्रे अद्याप वाड्यातच आहेत.

लोथार फ्रान्झ १७२९ मध्ये वारला. त्याने जे जे बांधले त्याचे पुढे काय झाले, ते पाहण्यासारखे आहे. माइन्त्सजवळ ऱ्हाइनच्या काठी त्याचे 'फावोरीट' नावाचे विलासोद्यान होते. १७९३ च्या वेढ्यात ते पार धुळीस मिळाले. आज ते केवळ सालोमोन क्लाइनरच्या चित्रांत पाहावयास मिळते. बाम्बेर्गच्या राजबिशपांची सत्ता नेपोलियनच्या धामधुमीत, १८०२-०३ मध्ये, संपुष्टात आली आणि तेथील महाल बवेरियाकडे गेला. त्याच्या दुसऱ्या पुतण्याने व्ह्युर्त्सबुर्ग येथे काकांच्या जिन्यावर ताण करणारा जिना असलेला महाल आरंभिला होता; तोही पीठाचा असल्यामुळे त्याच वाटेने गेला. पोमर्सफेल्डेन मात्र गादीचे नव्हते, घराण्याचे होते. म्हणून राज्ये गेली तरी ते शोनबोर्न कुटुंबाकडेच राहिले. आता त्याची व्यवस्था एका सार्वजनिक न्यासाकडे आहे. बागेचे रूप तेवढे पालटले. सरळ रेघांचे ताटवे जाऊन एकोणिसाव्या शतकात तेथे इंग्रजी धाटणीची वनराई आली.

१९५८ पासून उन्हाळ्यात निरनिराळ्या देशांतील तरुण वादक या वाड्यात जमतात, काही आठवडे एकत्र सराव करतात आणि संगमरवरी दिवाणखान्यात मैफली करतात. व्हायोलिनच्या पेट्या खांद्याला लावून ती मुले याच जिन्याने वर जातात. लोथार फ्रान्झच्या हिशेबाने यांतील कोणासाठीही यजमानाला एक पायरीसुद्धा उतरावी लागली नसती.