धाकाच्या कैवाऱ्यांस उत्तर

शाळेच्या पालकसभेत दरवर्षी न चुकता एक भाषण होते. भाषण करणारे गृहस्थ बदलतात, मजकूर बदलत नाही. आमच्या वेळी गुरुजी नुसते खाकरले तरी वर्ग चिडीचूप होत असे, निरगुडीच्या फोकाचे वळ घरी दाखवले तर वडील आणखी चार उमटवीत, आणि म्हणूनच आम्ही चार अक्षरे शिकून मार्गी लागलो. हल्ली कायद्याने शिक्षकांचे हात बांधले, मानसशास्त्राच्या नावाखाली पोरांना डोक्यावर बसवण्यात आले आणि विद्येची वाताहत झाली, असा त्या भाषणाचा मथितार्थ असतो. टाळ्या भरपूर पडतात. अडतीस वर्षे शिक्षकाच्या खुर्चीवरून मी हे भाषण ऐकले आणि आरंभीची काही वर्षे त्या टाळ्यांत माझ्याही टाळ्या मिसळलेल्या होत्या, हे प्रथमच कबूल केले पाहिजे. ज्या मताचे खंडन करावयाचे ते मत एके काळी आपणही मनोभावे बाळगले होते, ही जाणीव असली म्हणजे प्रतिपक्षावर अन्याय होण्याचा संभव कमी असतो.

भाषण करणारा गृहस्थ खोटे बोलत नाही. त्याने मार खाल्ला हे खरे, तो शिकला हेही खरे. परंतु दोन गोष्टी एकापाठोपाठ घडल्या एवढ्यावरून पहिलीने दुसरी घडवली असा निवाडा द्यावयाचा, तर त्याच वर्गात तोच फोक ज्यांच्या हातांवर पडला त्या इतरांचीही साक्ष काढली पाहिजे. आणि ती कोणी काढीत नाही, कारण ज्याने चौथीतूनच शाळा सोडली तो पालकसभेत भाषण करावयास येत नाही. माझ्या शेजारी जाजमावर बसणारा एक मुलगा मला आठवतो. आठवड्याच्या बाजारी बापाच्या कांद्याच्या ढिगापाशी बसून तो पावशेर, अच्छेराचे हिशेब तोंडी करी आणि त्याची एक पैची चूक होत नसे. वर्गात मात्र तेराचा पाढा म्हणावयास उभा राहिला की त्याची जीभ टाळ्याला चिकटे. एका सकाळी त्याने कडब्याच्या गंजीत पाटी-दप्तर खुपसले आणि तो रानात निघून गेला. पुढे हजेरीपटावरून त्याचे नाव कमी झाले, शेरा ‘सतत गैरहजर’ असा पडला. धाकाने किती मुले शिकली याची गणती सभांतून पुष्कळ होते. धाकाने किती मुले गेली याची गणती असल्याच शेऱ्यांच्या पोटात दडलेली आहे.

धाक मुलाच्या मनात नेमके काय करतो, हे ज्यांनी वर्गाच्या पुढे उभे राहून नव्हे तर वर्गात बसून पाहिले आहे त्यांना प्रयोगशाळेच्या दाखल्याची फारशी गरज पडू नये. पाढे रांगेने म्हणण्याचा शिरस्ता आठवावा. पहिल्याने ‘सतरा एके सतरा’ म्हणावयाचे, दुसऱ्याने ‘सतरा दुणे चौतीस’, आणि असे ते पुढे सरकत यावयाचे. रांगेत सातवा बसलेला मुलगा या वेळी काय करीत असतो? तो पाढा ऐकत नसतो. तो डोकी मोजतो, आपल्या वाट्यास ‘सतरा साते’ येणार हे हेरतो, तेवढा एकच आकडा मुठीत घट्ट धरून बसतो, आणि मधला कोणी अडखळून क्रम चुकला की त्याच्या पायांखालची जमीन सरकते. आपली पाळी सुखरूप पार पडल्यावर तो सुटकेचा निःश्वास टाकतो आणि उरलेला पाढाही त्याच्या कानांवरून जातो. अर्धा तास वर्ग शांत होता, प्रत्येकाने आपापले उत्तर दिले, तपासणीस साहेब असते तर प्रसन्न झाले असते. आणि पाढा मात्र कोणीच शिकले नाही. मनाची अवधानशक्ती मर्यादित असते. ती भीतीच्या पहाऱ्यावर नेमली गेली की विद्येच्या वाट्याला काही उरत नाही.

धाकाचे काही सुशिक्षित कैवारी यर्क्स आणि डॉडसन या अमेरिकन शास्त्रज्ञांचा १९०८ सालचा प्रयोग पुढे करतात आणि थोडा ताण हा शिक्षणास पोषकच असतो असे सांगतात. तो प्रयोग उंदरांवरचा होता. चुकीच्या वाटेने गेल्यास विजेचा झटका बसावयाचा आणि दोन वाटांतील भेद ओळखावयाचा, असे त्याचे स्वरूप होते. भेद ठळक असता झटका जितका तीव्र तितके शिकणे जलद झाले, हे खरे. परंतु भेद सूक्ष्म होताच तीव्र झटक्याने शिकणे उलट लांबले, हे त्याच प्रयोगाचे दुसरे अर्धे अंग सांगावयाचे राहून जाते. उंदरांवरून मुलांचे अनुमान बेताबेतानेच काढावे. तरी ज्यांनी हा साक्षीदार बोलावला त्यांच्याविरुद्धच तो साक्ष देतो, एवढे नमूद करणे प्राप्त आहे. धाकाने मुलाकडून हात बांधून बसण्याची क्रिया करवून घेता येईल, कदाचित घोकंपट्टीही. भूमितीचा रायडर सुटावयाचा, निबंधात स्वतःचे एक वाक्य उमटावयाचे, तर तेथे मनाला मोकळे हिंडता आले पाहिजे.

बक्षिसांच्या पुरस्कर्त्यांशी माझे भांडण थोडे आहे, कारण त्यांचा हेतू निर्मळ असतो. तरी १९७३ साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी प्रसिद्ध केलेली हकीकत त्यांनी वाचावी. आपण होऊन आवडीने चित्रे काढणाऱ्या बालवर्गातील काही मुलांना ‘चित्र काढलेत तर प्रशस्तिपत्र मिळेल’ असे आधी सांगून ते देण्यात आले. काही दिवसांनी मोकळ्या वेळेत रंग पुन्हा समोर ठेवले तेव्हा ही मुले चित्रांपाशी इतरांच्या सुमारे निम्माच वेळ रमली. जे खेळणे होते ते मजुरीचे काम झाले. ज्यांना बक्षीस अवचित मिळाले होते त्यांची आवड मात्र ओसरली नाही. दोष कौतुकात नाही, सौद्यात आहे.

आता धाकाच्या बाजूचा सर्वांत वजनदार मुद्दा. जग कठोर आहे, तेथे टक्केटोणपे खावे लागतात, म्हणून मुलाला लहानपणीच अपमानाची आणि अपयशाची सवय लागली तर ते कणखर होईल, असे म्हणतात. सेलिग्मन आणि मायर या दोघांनी १९६७ साली कुत्र्यांवरील प्रयोगांतून दाखवले की, काही केले तरी न टळणारा आघात ज्या प्राण्याच्या वाट्यास वारंवार येतो, तो पुढे सुटकेची वाट समोर असूनही जागचा हलत नाही. प्राणी अगतिकता शिकतो, असे त्यांनी त्या वेळी मांडले. परंतु जवळजवळ पन्नास वर्षांनी, २०१६ साली, त्याच दोघांनी मेंदूविषयीच्या नव्या संशोधनाच्या आधारे आपलेच प्रतिपादन उलटे केले: दीर्घ आघातापुढे गळून जाणे हा प्राण्याचा मूळचाच प्रतिसाद आहे, तो शिकावा लागत नाही, शिकावी लागते ती ‘माझ्या करण्याने काही घडते’ ही प्रचीती. आपले गाजलेले मत आपल्याच हाताने खोडण्याचे हे धैर्य मला शास्त्राइतकेच आदरणीय वाटते. आणि त्यातून शिक्षकाचे कर्तव्य सूर्यप्रकाशाइतके स्पष्ट होते. मुलाला आघात सोसावयास शिकवण्याचे काम जग करीलच. आपल्या प्रयत्नाला फळ येते हा अनुभव मात्र त्याला कोणीतरी योजून द्यावा लागतो, आणि शाळा याचसाठी आहे.

तो कसा द्यावा, हे मला ग्रंथांनी नव्हे तर एका वहीने शिकवले. तिसरीतला एक मुलगा वजाबाकी सारखी चुकवीत असे. बावन्नातून सत्तावीस वजा करावयास दिले तर तो पस्तीस लिही. आधीच्या शाळेत यासाठी त्याने अंगठे धरले होते, कोंबडा झाला होता, आणि ‘निष्काळजी’ हा शेरा त्याच्या प्रगतिपुस्तकात दोन वर्षे मुक्कामाला होता. मीही लाल शाईने फुली मारण्याच्या बेतात होतो; त्या दिवशी का कोण जाणे, त्याला जवळ बसवून विचारले, “हे कसं काढलंस, मला सांग बरं.” तो आधी घाबरला, मग हळूहळू बोलू लागला: “गुरुजी, दोनातून सात जात नाहीत. म्हणून सातातून दोन काढले, पाच उरले. मग पाचातून दोन गेले, तीन.” मी वही पुन्हा पाहिली. प्रत्येक उदाहरणात तोच नियम, मोठ्यातून लहान काढावयाचे, काटेकोरपणे पाळलेला होता. तो निष्काळजी मुळीच नव्हता. चुकीचा का होईना, एक नियम दोन वर्षे मार खाऊनही त्याने निष्ठेने सांभाळला होता. काड्यांचे दहा-दहाचे जुडगे त्याच्यापुढे ठेवले, एक जुडगा त्याच्याच हातून सोडवून घेतला, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जे उमटले ते वर्णन करण्याचे सामर्थ्य माझ्यात नाही. पुढची आठ उदाहरणे त्याने मी न सांगता सोडवली. त्या दिवशी मी छडी कपाटात ठेवली. ती पुन्हा बाहेर निघाली नाही.

हा अनुभव माझ्या पुण्याईचा नव्हे. महाराष्ट्राला याची मोठी परंपरा आहे आणि धाकाचे कैवारी ज्या ‘आमच्या वेळे’ची दुहाई देतात त्याच काळात ती निर्माण झाली आहे. १९२४ ते १९३० या वर्षांत अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिकवणारे साने गुरुजी छात्रालयातील मुलांची अंथरुणे आवरीत, खोल्या झाडीत, आणि मुले ओशाळून आपली कामे आपण करू लागत. शिस्त तेथेही होती, तिचा उगम निराळा होता. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले. पुढे कोसबाडच्या टेकडीवर त्यांना आणि अनुताई वाघांना जेव्हा आढळले की आदिवासी मुले शाळेत येत नाहीत कारण ती गुरे राखतात, तेव्हा त्यांनी मुलांना आळशी ठरवले नाही, पालकांवर फर्मान काढले नाही. गुरे चरतात तेथेच त्यांनी शाळा नेली आणि तिला कुरणशाळा हे नाव दिले. मुलाच्या वागण्यामागे कारण असते आणि ते शोधणे हे मोठ्या माणसाचे काम आहे, ही श्रद्धा त्या एका शब्दात सामावली आहे.

यावरून कोणी असा समज करून घेऊ नये की मी लाडाचा पक्ष घेत आहे. ‘किती हुशार रे तू’ असे उठल्यासुटल्या म्हणणेही अपायकारकच. म्यूलर आणि ड्वेक यांनी १९९८ साली दाखवले की ज्या मुलांच्या बुद्धीची स्तुती झाली ती पुढे अवघड कोड्यांना बगल देऊ लागली, एका अपयशाने खचली आणि आपले गुण इतरांना सांगताना अधिक प्रमाणात खोटे बोलली. ज्यांच्या श्रमाची स्तुती झाली ती अवघडाकडे वळली. कारण उघड आहे: हुशारी हे एकदा मिळालेले वतन ठरले की ते गमावण्याची भीती लागते, आणि मग तोही एक धाकच. कामात कसूर झाली तर वही परत द्यावी, पुन्हा लिहून आणावयास लावावे, दहा वेळा लावावे; पण अकराव्या वेळी ते जमेल हा विश्वास आपल्या स्वरात असावा.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने शारीरिक शिक्षेबरोबरच मानसिक छळासही मनाई केली. पहिल्या मनाईची अंमलबजावणी बऱ्याच अंशी झाली. दुसरी कागदावरच राहिली. फोक गेला आणि त्याच्या जागी गुणांनुसार दर महिन्याला बदलणाऱ्या तुकड्या आल्या, शिकवणी वर्गांच्या दारांवर लागणाऱ्या क्रमवार याद्या आल्या, शेजारच्या मुलाची टक्केवारी जेवणाच्या ताटावर वाढणारे आईबाप आले. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ सालच्या अहवालात देशातील १३,००० हून अधिक विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांची नोंद आहे आणि त्या यादीत महाराष्ट्राचे नाव सर्वांत वर आहे. प्रत्येक मृत्यूचे कारण निराळे असते. साऱ्यांचा ठपका अभ्यासाच्या धाकावर ठेवणे असत्य होईल आणि मी ते करणार नाही. परंतु एवढा आकडा समोर असताना ‘मुलांना धाक उरला नाही’ अशी तक्रार व्यासपीठावरून करणाऱ्याने क्षणभर थांबावे, असे मला कळकळीने वाटते.

पालकांना माझी विनंती लहानशी आहे. या सत्राचे प्रगतिपुस्तक सहीसाठी आपल्यापुढे येईल तेव्हा लगेच सही करू नका. मुलाला जवळ बसवा, त्याने चुकवलेले कोणतेही एक उदाहरण काढा, ते त्याने कसे केले हे त्याच्याच तोंडून ऐका, त्याचे सांगून पुरे होईपर्यंत मध्ये बोलू नका, आणि मग सही करा.