आधी पाय बघा

लठ्ठ बाईचा पाय सुजला तर तो सुजलेला नसतो, तो जाडच असतो. हे शरीरशास्त्र मला दौंडपासून शिरूरपर्यंत भेटेल त्याने शिकवलं. सासूबाईंनी शिकवलं, जाऊबाईंनी शिकवलं, मेडिकलवाल्याने शिकवलं आणि पाटीवर नावापेक्षा पदव्या लांब असलेल्या एका डॉक्टरसाहेबांनीही शिकवलं. डावी पोटरी उजवीपेक्षा नुसत्या डोळ्यांना मोठी दिसत होती, हात लावला तर गरम लागत होती, पाऊल टेकलं की आतून कळ येत होती. साहेबांनी खुर्चीतून न उठता निदान केलं, "वजन कमी करा."

अहो, त्याचसाठी तर मी पुण्याला खेटे घालत होते. स्लीव्हच्या ऑपरेशनची तारीख ठरत आली होती. एंडोस्कोपी झाली होती, झोपेत श्वास अडकतो का ते तपासून झालं होतं, आहारतज्ज्ञ बाईंनी चपात्या मोजून दिल्या होत्या, मानसोपचारतज्ज्ञांनी मी शहाणी असल्याचं लेखी दिलं होतं. माझं जवळजवळ तीन चतुर्थांश जठर कापून काढायला अख्खी फौज सज्ज होती. साडी घोट्याच्या वर उचलून पोटरी बघायला मात्र कुणाला सवड नव्हती.

माझं सासर दौंडचं, माहेर न्हावऱ्याकडचं, म्हणजे शिरूर तालुक्यातलं. त्यामुळे सल्ल्यांचा पुरवठा भीमेच्या दोन्ही काठांवरून होतो. दौंडात ठरलं की शीर आखडली. माहेरी ठरलं की वात धरलाय. निर्गुडीचा पाला गरम करून बांध, मिठाच्या पुरचुंडीने शेक दे, आणि अमक्या गल्लीत एक मावशी आहेत, त्यांच्या हाताला गुण आहे, एकदा चोळून घे. त्या मावशींवर माझा राग नाही. मुरगळलेला पाय त्या बरा करतात आणि पैसेही मागत नाहीत. पण खोल शिरेत गोठलेल्या रक्ताची गुठळी रगडून सुटली तर ती मांडीतून पोटातल्या मोठ्या शिरेत जाते, तिथून हृदयाच्या उजव्या बाजूला, आणि तिथून फुप्फुसात जाऊन बसते. माणूस धाप लागून कोसळतो आणि गावात बातमी होते, "अटॅक आला, वजन फार होतं ना." मेल्यावरसुद्धा निदान तेच.

एक साधी गोष्ट सांगते. कॅनडातल्या डॉ. फिलिप वेल्स यांनी १९९७ साली पायातली गुठळी ओळखण्यासाठी गुणांची एक यादी छापली. आज ती जगभर वापरतात. त्यात एक कलम असं : दोन्ही पोटऱ्या गुडघ्याखालच्या हाडाच्या उंचवट्यापासून दहा सेंटिमीटर खाली टेपने मोजा, फरक तीन सेंटिमीटरच्या वर गेला तर एक गुण. लागतं काय? शिंप्याकडे असतो तो टेप. चरबी काही एकाच पायावर बसायला येत नाही, एवढं कळायला तर टेपही लागत नाही. त्या यादीत लठ्ठपणा नावाचं कलमच नाही, हे मी मुद्दाम दोनदा वाचून पाहिलं. मात्र शेवटी एक उणे कलम आहे. सुजेचं दुसरं तितकंच पटण्यासारखं कारण दिसत असेल तर दोन गुण वजा. आमच्याकडे जाड माणूस दवाखान्याच्या दारातून आत येतानाच हे उणे दोन घेऊन येतो. त्याच्या प्रत्येक दुखण्याला दुसरं कारण आधीच ठरलेलं असतं.

पुढे डॉपलर. म्हणजे शिरेतून रक्त वाहतंय की नाही ते दाखवणारी सोनोग्राफी. "डॉपलरवाले सर मंगळवारी येतात," काउंटरवरच्या मुलीने सांगितलं. म्हणजे गुठळीने वार बघून व्हावं. मग पुणं. दोन्ही गावांहून ते सत्तरेक किलोमीटर, पण रस्ता किलोमीटरमध्ये मोजायची सोय आता राहिलेली नाही. शिरूरकडून निघालात तर शिक्रापूर, सणसवाडी, कोरेगाव भीमा, वाघोली. दौंडकडून निघालात तर उरुळी कांचन आणि लोणी काळभोर. रुडॉल्फ फिर्खो या जर्मन डॉक्टरने एकोणिसाव्या शतकातच दाखवून दिलं की शिरेत गोठलेलं रक्त सुटून फुप्फुसात जाऊन अडकतं. गुठळीची तीन कारणं आज त्याच्याच नावाने शिकवतात, त्यातलं एक म्हणजे रक्त साचून राहणं. वाघोलीच्या कोंडीत पाय लटकवून बसलेल्या रुग्णाला हे पाठ्यपुस्तकाशिवाय समजतं.

लठ्ठपणाला आम्ही आजार मानत नाही, चालचलणुकीचा दाखला मानतो. २०१७ च्या फेब्रुवारीत मुंबई महापालिकेच्या मतदानाच्या दिवशी शोभा डे यांनी एका जाड पोलिसाचा फोटो टाकून 'हेवी बंदोबस्त' अशी कोटी केली. शिकलेली, इंग्रजी लिहिणारी मुंबई खो खो हसली. तो माणूस निघाला मध्य प्रदेशातला निरीक्षक, दौलतराम जोगावत, वजन १८० किलो. पित्ताशयाच्या ऑपरेशननंतर वजन वाढत गेलं असं त्याचं म्हणणं. पुढे मुंबईतच त्याच्यावर शस्त्रक्रिया झाली. दौंडला राज्य राखीव दलाचे गट आहेत, खाकीतली माणसं आम्ही रोज पाहतो. ज्याचं पोट पट्ट्यावर आलंय त्याला पानटपरीवर काय काय ऐकावं लागतं तेही ऐकतो. इथल्या टपरीत आणि मुंबईच्या दिवाणखान्यात फरक फक्त भाषेचा.

आणि हे सगळं कुठे चालतं? पुणे जिल्ह्यात. जिथल्या के. ई. एम. रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी आणि लंडनच्या जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचेच फोटो छापून जगाला दाखवलं की दोघांचाही बीएमआय २२.३, पण इंग्रजाच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि आपल्या माणसाच्या अंगात २१.२ टक्के. याज्ञिकांच्याच पथकाने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या बायकांचा आणि त्यांच्या लेकरांचा अभ्यास केला. बाळं जन्मतात सरासरी २.७ किलोची, इंग्लंडची ३.५ किलोची, पण आपल्या किडकिडीत बाळाच्या अंगात चरबी मात्र राखून ठेवलेली असते. म्हणजे आमच्या चरबीची नोंद आईच्या पोटातच होते. जगाने हे संशोधन डोक्यावर घेतलं. आमच्याकडची मावशी अजून म्हणते, "पोरी, भाकरी जरा हात आखडून खात जा."

आता एका गोळीबद्दल. गौरी-गणपती, वारी, पूजा, लग्न, काही असलं की घरातल्या बायकांची पाळी पुढे ढकलायची गोळी येते. नोरेथिस्टेरॉन. चिठ्ठी कुणी मागत नाही, मेडिकलवाला नाव सांगायच्या आत पाकीट काढतो. या गोळीचा काही अंश शरीरात इथिनिल इस्ट्रॅडिओलमध्ये बदलतो, म्हणजे गर्भनिरोधक गोळीत असतं तेच संप्रेरक, आणि ते रक्त गोठायला मदत करतं. लठ्ठ बाईला, आधी गुठळी झालेल्या बाईला, आईला किंवा बहिणीला गुठळी झालेली असलेल्या बाईला ही गोळी विचारल्याशिवाय द्यायची नसते. मला माझं वजन वरातीतल्या अनोळखी माणसांनी विचारलंय. ज्या एका काउंटरवर ते विचारायला हवं होतं, तिथे विचारलं नाही. देवाच्या दारात विटाळ नको म्हणून बाईच्या शिरेत गाठ चालते. हे म्हणताना माझी जीभ चरचरत नाही.

गुठळीचं निदान झालं तेव्हा रक्त पातळ करणारी इंजेक्शनं सुरू झाली. बेंबीशेजारी पोटात टोचायची, किलोला एक मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा. नर्सने वजन विचारलं, कारण तिथला काटा माझ्याआधीच दमून थांबला होता. "अंदाजे सांगा, ताई." उसाच्या गाडीचं वजन चोख यावं म्हणून आमचा शेतकरी कारखान्याच्या गेटवर भांडतो, काटामारीवरून मोर्चे काढतो. माणसाच्या रक्तात जाणारं औषध मात्र अंदाजे. ही काटामारी नाही तर काय? जाड रुग्णाला डोस कमी पडला तर गुठळी वाढते, जास्त झाला तर रक्तस्राव होतो. दोन्हीचं खापर फुटतं ते वजनावरच.

त्यानंतर गोळ्या. रिव्हारोक्साबानची पंधरा आणि वीस मिलिग्रॅमची गोळी भरल्या पोटी घ्यायची असते, नाहीतर ती अंगात नीट उतरत नाही. फिजिशियन म्हणाले, व्यवस्थित जेवून गोळी घ्या. त्याच मजल्यावरच्या आहारतज्ज्ञ बाईंच्या तक्त्यावर दिवसभर प्रोटीनचं पाणी. एकमेकांचा कागद वाचायला कॉरिडॉर ओलांडावा लागला असता. मीच दोन्ही कागद घेऊन या दारातून त्या दारात गेले, दुखऱ्या पायाने. वॉरफरिनचं आणखी वेगळं. त्यात पालक-मेथी आज भरपूर आणि उद्या शून्य असं चालत नाही, रोज सारखी लागते, आणि रक्त किती वेळात गोठतं ते पाहणारी आयएनआर तपासणी पाठीशी. दीर म्हणाले, "वैनी, हे तर उंदराचं औषध." खरंच आहे; १९४८ मध्ये ते उंदरांसाठीच बाजारात आलं, माणसांना १९५४ पासून देऊ लागले. त्याआधी अमेरिकेत सडका चारा खाऊन गाई रक्तस्रावाने मरायच्या, तिथून त्याचा माग लागला. दीरांची दूधसंस्था आहे, त्यामुळे हा भाग त्यांनी मन लावून ऐकला. माझ्या पायाचं त्यांनी अजून विचारलेलं नाही.

नियम असा की ताजी गुठळी असताना तातडीचं नसलेलं ऑपरेशन किमान तीन महिने पुढे ढकलायचं. हे समजायला मला दुसरं हॉस्पिटल गाठावं लागलं. पहिल्या ठिकाणी समन्वयक म्हणून नेमलेला मुलगा म्हणाला, "मॅडम, थांबायची गरज नाही, मोठ्या शिरेत फिल्टर टाकू, गुठळी वर जाणारच नाही." पॅकेजमध्ये फिल्टरची किंमत त्याने बोलता बोलताच मिळवली. हा फिल्टर खरा कुणासाठी? ज्यांना रक्त पातळ करणारी औषधं देताच येत नाहीत त्यांच्यासाठी. धोका टळला की असले फिल्टर काढून घ्या, असं अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१० मध्ये आणि पुन्हा २०१४ मध्ये बजावलं, कारण ते आत तुटतात, सरकतात. काढायचा कधी, हे मी त्या मुलाला विचारलं. तो म्हणाला, सरांना विचारून सांगतो. अजून विचारतोय.

विमा कंपनीचं प्रेम वेगळंच. २०१९ च्या नियमांप्रमाणे बीएमआय ४० हवा, किंवा ३५ आणि सोबत ठरलेल्या यादीतला एखादा गंभीर आजार : हृदयविकाराचे दोन प्रकार, झोपेत श्वास अडकणं, आटोक्यात न येणारा मधुमेह. जगातल्या लठ्ठपणा शल्यविशारदांच्या संघटनांनी २०२२ मध्येच सांगितलं की आशियाई माणसाला २७.५ पासूनच विचारात घ्या. पण तो सल्ला बहुधा वाघोलीच्या कोंडीत अडकलाय. माझी गुठळी यादीत नाही. वर त्यांना पुरावा हवा की मी साध्या उपायांनी बारीक होण्यात नापास झाले. असा दाखला देणारी शाळा कुठे आहे, ते त्यांनी पत्रात लिहिलेलं नाही.

मधल्या काळात बघायला येणाऱ्यांचा सूर एकच, "देवाने इशारा दिला, आता ऑपरेशनचा नाद सोड, जरा चालायला लाग." नितीन गडकरींनी २०११ मध्ये, पक्षाचे राष्ट्रीय अध्यक्ष असताना, वजन कमी करण्याचं ऑपरेशन मुंबईत करून घेतलं, तेव्हा सगळ्यांनी त्याला धाडस म्हटलं. पतसंस्थेत आठ तास खुर्चीला खिळलेल्या माझ्यासारख्या बाईने करायचं म्हटलं की तो आळस. ऑपरेशन मी करणारच आहे. वजन हे गुठळीचं एक कारण आहेच, ते मी कधी नाकारलं? अंगावरची जास्तीची चरबी रक्त गोठायला मदत करते, पोटाचा भार पायांतून वर येणारं रक्त अडवतो. मग जाड माणसाचा पाय बारीक माणसाच्या पायापेक्षा आधी तपासला पाहिजे ना? इथे नेमकं उलटं चालतं.

४ मार्चला लठ्ठपणा दिन असतो, तेव्हा चौफुल्यापासून घोडनदीपर्यंत मोफत शिबिरांचे फ्लेक्स लागतात. १३ ऑक्टोबरला गुठळीचा जागतिक दिवस असतो, तेव्हा मी एकही फ्लेक्स पाहिलेला नाही. लठ्ठपणाच्या शस्त्रक्रियेनंतर जे दगावतात त्यांच्यातलं एक मोठं कारण फुप्फुसात गेलेली गुठळी आहे, आणि ती बहुतेकदा दवाखान्यात नाही तर घरी गेल्यावर होते. पुढच्या शिबिराला मी जाणार आहे, शिंप्याचा टेप घेऊन. वजनाच्या रांगेत उभ्या असलेल्या प्रत्येक बाईच्या दोन्ही पोटऱ्या मोजणार, आणि व्यासपीठावरच्या डॉक्टरांना विचारणार : घरी गेल्यावर इंजेक्शन किती दिवस, ते द्यायला न्हावऱ्यात कोण येणार, आणि रात्री दोनला धाप लागली तर फोन कोण उचलणार? फ्लेक्सवर खाली एक मोबाइल नंबर ठळक अक्षरांत आहे. मी लावून पाहिला. संध्याकाळी सहानंतर तो बंद असतो.