कालव्याची वाट सायकलींसाठी मोकळी करा : बीड जिल्ह्यातील सायकलस्वारांचे मागणीपत्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, बीड
(प्रत कार्यवाहीसाठी : जलसंपदा, सार्वजनिक बांधकाम, वन व परिवहन विभाग, तसेच मध्य रेल्वे)

विषय : पाण्याकाठच्या आणि बालाघाटातील रस्त्यांवर मोटारविरहित सायकल भ्रमंतीची सोय करण्याबाबत.

मा. महोदय,

बीडला समुद्र नाही. पाण्याच्या कडेने चार दिवस निवांत सायकल चालवायची इच्छा झाली, की आमच्यातले हौशी लोक सायकली गाडीच्या टपावर बांधतात आणि कोकण गाठतात. रेवसपासून रेड्डीपर्यंतच्या किनाऱ्याने, खाड्या ओलांडत फिरून येतात आणि परत आल्यावर वर्षभर त्याच आठवणी काढतात. त्यांना आम्ही नेहमी विचारतो, की पाण्याचा काठ आपल्याकडे नाही का? जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून गोदावरी वाहते. नाथसागरातून निघालेला १३२ किलोमीटरचा उजवा कालवा गेवराई तालुका ओलांडून माजलगावच्या जलाशयापर्यंत येतो. सिंदफणेवरचा माजलगाव धरणाचा फुगवटा पावसाळ्यानंतर दूरवर पसरतो. दक्षिणेला धनेगावचे मांजरा धरण आहे, आणि या सगळ्याच्या पाठीशी बालाघाटाची रांग. काठ आहे, डोंगर आहे, बहुतेक ठिकाणी रस्ताही आहे. त्या रस्त्यावर सायकलस्वाराला निर्धास्त जाता येत नाही, एवढेच आमचे गाऱ्हाणे आहे. म्हणून आम्ही नवा रस्ता मागत नाही. आहेत त्या रस्त्यांचे ठरावीक तास आणि थोडी डागडुजी मागतो.

आमची मुख्य मागणी कालव्याच्या सेवा रस्त्याबद्दल आहे. कालव्याचे पाणी आपल्या उताराने वाहत जावे लागते, म्हणून कालवा डोंगर चढत नाही, टेकडीला वळसा घालून जवळजवळ सपाटीने पुढे सरकतो. त्याच्या भरावावरची वाटही तशीच सपाट असते. दहा वर्षांचे पोर आणि सत्तरीतले आजोबा दोघांनाही दमछाक न होता वीस किलोमीटर जाता येईल, असा दुसरा रस्ता या जिल्ह्यात नाही. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला ऊस, कापूस, मोसंबीची बाग, आणि पहाटे बगळ्यांचे थवे. गेवराईकडून या वाटेला लागले, की फाटा घेऊन गोदाकाठच्या राक्षसभुवनला जाता येते. तिथे शनीचे देवस्थान आहे आणि १० ऑगस्ट १७६३ रोजी थोरल्या माधवरावांनी निजामाच्या फौजेचा पराभव केला तो परिसरही हाच. माजलगाव तालुक्यात गोदाकाठीच पुरुषोत्तमपुरी आहे. अधिक महिन्यात तिथे लोटणारी गर्दी सोडली, तर एरवी त्या देवळाच्या पायरीवर बसून नदी पाहणारा माणूस क्वचितच भेटतो.

पण आज या वाटेची अवस्था काय आहे? मुरूम वाहून गेला आहे. वेड्या बाभळी दोन्हीकडून आत आल्या आहेत. सराट्यांमुळे एका फेरीत दोन-तीन पंक्चर ठरलेली. रात्री-अपरात्री वाळूचे हायवा गेल्याने काही ठिकाणी भरावच खचला आहे. कागदोपत्री हा सार्वजनिक रस्ता नाही, देखभालीचा रस्ता आहे, याची आम्हाला जाणीव आहे. म्हणूनच आम्हाला लेखी परवानगी हवी. जलसंपदा विभागाने गेवराई ते माजलगाव या पट्ट्यातला सुस्थितीतला एखादा वीस-पंचवीस किलोमीटरचा तुकडा आधी निवडावा आणि ऑक्टोबर ते फेब्रुवारी दर रविवारी पहाटे साडेपाच ते नऊ तो सायकलींसाठी राखून ठेवावा. त्या आधी बाभळी काढाव्यात, मुरूम टाकून दबाई करावी, आणि वळणांवर, पुलांपाशी व मोऱ्यांवर कठडे उभारावेत. भरल्या कालव्याला ओढ असते आणि अस्तराच्या उतारावरून वर चढता येत नाही. कठड्यांशिवाय आम्ही एकाही मुलाला त्या वाटेवर नेणार नाही. पाणीपाळी सुरू असताना विभागाने नको म्हटले, तर ते आम्हाला मान्य राहील.

शेतकऱ्यांना मात्र यातून पूर्ण मोकळीक हवी. आमच्यातल्या अनेकांची रानं याच कालव्याखाली आहेत. बैलगाडी, ट्रॅक्टर, मोटारीचे स्टार्टर पाहायला निघालेला माणूस, डेअरीला दूध घालायला जाणारी दुचाकी, यांपैकी कोणालाही अडवू नये. अडवायचे ते वाळूच्या वाहनांना आणि मधूनच आडवाटेने महामार्ग गाठणाऱ्या चारचाक्यांना. त्यासाठी दोन टोकांना उंचीची कमान पुरेशी आहे. कमानीची उंची किती ठेवायची, हे कडब्याची गाडी मोजून गावकऱ्यांशी बोलून ठरवावे.

दुसरी मागणी गळीत हंगामाची आहे, आणि ती आमच्या जिवाची आहे. सायकलीला सर्वांत चांगले महिने थंडीचे. तेच महिने कारखाने सुरू असण्याचे. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर अंधारात रस्त्यावर असतात, मागे दिवा नसतो, उसाची टोके साइडपट्टीवर आलेली असतात. पहाटे सायकल चालवणाऱ्या प्रत्येकाने हे अंगावर घेतले आहे. प्रत्येक ट्रॉलीला मागे आणि बाजूंना रिफ्लेक्टर असल्याशिवाय गव्हाणीपर्यंत जाऊ देऊ नये, अशी अट परिवहन विभागाने कारखान्यांशी बैठक घेऊन घालावी. याचा लाभ आमच्यापेक्षा जास्त त्या ट्रॅक्टरवर आणि ट्रॉलीवर बसलेल्या ऊसतोड कुटुंबांना होईल. ती कुटुंबे याच जिल्ह्याची आहेत.

आता डोंगराकडे. राष्ट्रीय महामार्ग ५२ पालीच्या बिंदुसरा धरणाशेजारून मांजरसुंब्याचा घाट चढतो, आणि त्या महामार्गावर सायकल न्यावी असे आम्ही कोणाला सांगणार नाही. पण कपिलधारला मन्मथस्वामींच्या समाधीकडे आणि धबधब्याकडे उतरणारा रस्ता, सौताड्याला विंचरणेच्या दरीकडे जाणारा रस्ता, अंबाजोगाईत मुकुंदराजांच्या समाधीपासून बुट्टेनाथाच्या दरीकडची वाट, हे छोटे रस्ते आहेत. पावसाळ्यात रविवारी इथे गाड्यांची रांग लागते आणि जो तो हॉर्न वाजवत असतो. या तीन ठिकाणी शेवटच्या टप्प्याच्या अलीकडे वाहनतळ करावा आणि जुलै ते सप्टेंबरमधील रविवारी सकाळी दहापर्यंत पुढचा रस्ता पायी आणि सायकलने जाणाऱ्यांसाठीच ठेवावा. वृद्ध आणि अपंग भाविकांच्या वाहनांना अर्थात सूट असावी. यात्रेचे दिवस यातून वगळावेत. कार्तिकी पौर्णिमेला कपिलधारला येणाऱ्या दिंड्यांचे नियोजन स्वतंत्रच असायला हवे.

नायगाव मयूर अभयारण्यात ठरलेल्या वाटेवर, ठरलेल्या संख्येने आणि वनरक्षकाच्या नजरेखाली सायकलींना प्रवेश मिळावा. इंजिनाच्या आवाजाने मोर दूर जातो, सायकलीच्या आवाजाने तेवढा बुजत नाही, हा आमचा अनुभव आहे. तरी विणीच्या काळात बंदी ठेवली, तर ती आम्ही पाळू.

धारूरच्या अरुंद, वळणावळणाच्या घाटाचे रुंदीकरण व्हावे ही लोकांची मागणी आहे आणि ती योग्य आहे. तिला आम्ही एकच पुस्ती जोडतो. काम होईल तेव्हा जुन्या रस्त्याचा जो तुकडा सुटेल, तो खोदून टाकू नये, सायकलसाठी ठेवावा. सीताफळाच्या दिवसांत त्या घाटात सकाळी पाट्या घेऊन बसणाऱ्या बायकांकडे थांबणारे गिऱ्हाईक म्हणजे सायकलवालाच. बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळाले आहे, पण वेगाने जाणारी गाडी पाटीपाशी थांबत नाही.

यावर कोणी म्हणेल, हे चार हौशी लोकांचे लाड आहेत. तर मानव विकास कार्यक्रमाकडे पाहावे. त्या योजनेतून शासन आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेत जाण्यासाठी सायकली देते. सायकल सरकारने दिली, पण ती चालवायला सुरक्षित रस्ता कुठे आहे? कालव्याकाठच्या गावांतल्या मुलींना रविवारी जी वाट आमच्यासाठी मोकळी होईल, तीच सोमवारी शाळेला जायला मिळावी. हे साधले, तर बाकीच्या मागण्यांना थोडा उशीर झाला तरी आम्ही धीर धरू.

१७ सप्टेंबर २०२५ पासून बीडहून अहिल्यानगरला रेल्वे जाऊ लागली. त्या गाडीत सायकल चढवण्याची परवानगी आणि तिचे ठरलेले भाडे मध्य रेल्वेने जाहीर करावे. बाहेरचा सायकलस्वार अहिल्यानगरहून बीडला उतरून चार दिवस फिरेल, गावात मुक्काम करेल, भाकरी-पिठले खाऊन पैसे देऊन जाईल.

देशात आणि परदेशातही असे काम झालेले आहे. उत्तर प्रदेशात इटावा ते आग्रा २०७ किलोमीटरचा सायकल मार्ग २०१६ साली खुला झाला. दक्षिण कोरियात नद्यांच्या काठाने इंचॉनपासून बुसानपर्यंत अखंड सायकल वाट आहे. त्यांना भूसंपादन, पूल, डांबर असे बरेच करावे लागले. आपल्याकडे भराव आधीच घातलेला आहे. खर्चासाठी जिल्हा वार्षिक योजनेतून पहिल्या तुकड्यापुरती तरतूद व्हावी. बाभळी काढायला आणि सराटे झाडायला आम्ही स्वतः श्रमदानाला येऊ.

गळीत हंगाम सुरू होण्यापूर्वी वरील सर्व विभागांची एकत्र बैठक आपल्या दालनात लावावी आणि आमच्या पाच प्रतिनिधींना, त्यांत किमान दोन महिला व एक कालव्याखालचा शेतकरी, बोलवावे. बैठकीआधी एका रविवारी अधिकाऱ्यांनी आमच्यासोबत कालव्याच्या वाटेने पाच किलोमीटर यावे. सायकली आणि पंक्चरचे सामान आम्ही आणू.

आपले,
बीड जिल्ह्यातील सायकलस्वार संघटनेचे सर्व सभासद