गाणी मागितली, गोंगाट मिळाला

"हे गाणं आहे की पत्र्याची शेड पडतेय?" असा प्रश्न आजकाल बऱ्याच घरांत ऐकू येतो. मुलाने मोबाईलवर काहीतरी लावलेले असते, ते हेडफोनच्या बाहेर झिरपते आणि पाळी करून आलेले वडील वैतागतात. मुलगा म्हणतो, "पप्पा, तुम्हाला नाही कळायचं." वडील म्हणतात, "कळण्यासारखं आहे काय त्यात?" आई बिचारी दोघांच्या मध्ये. या वेळी आम्ही या भांडणात पडायचे ठरवले आहे, पण निवाडा करायला नव्हे. अशा आवाजाचे आल्बम बाजारात आले तेव्हा ऐकणाऱ्यांनी काय काय केले, त्याची एक हकीकत आहे. ती मजेची आहे आणि थोडी दुखरीही आहे.

आधी त्या 'मेटल' शब्दाविषयी. बर्मिंगहॅम हे इंग्लंडमधले कारखान्यांचे शहर. तिथे टोनी आयोमी नावाचा सतरा वर्षांचा पोरगा पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. १९६५ साली, नोकरीच्या अगदी शेवटच्या दिवशी, मशीनमध्ये त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके गेली. तो डावखुरा, म्हणजे गिटारच्या तारा दाबायच्या त्या याच बोटांनी. त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या, हलक्या तारा लावल्या, पुढे त्या सैलही केल्या. सूर खाली उतरला, जड झाला. त्याच्या 'ब्लॅक सॅबथ' या बँडचा पहिला आल्बम १९७० साली आला आणि हेवी मेटलची सुरुवात तिथूनच झाली असे बहुतेक जाणकार मानतात. प्रेस मशीनवर बोट गेलेला माणूस आपल्याकडे चाळीचाळीत सापडतो. ज्या संगीताला आपण श्रीमंतांच्या पोरांचे खूळ समजतो त्याचा जन्म भोंग्याच्या आवाजात झाला आहे, हे वडील मंडळींनी लक्षात घ्यावे.

आता मूळ हकीकत. ती न्यूयॉर्कच्या लू रीड या गायकाची. १९७४ साली त्याचा 'सॅली कान्ट डान्स' हा आल्बम अमेरिकेत पहिल्या दहांत गेला होता. कंपनी खूश, चाहते खूश. पुढच्याच वर्षी, १९७५ च्या जुलैमध्ये, 'मेटल मशीन म्युझिक' नावाच्या दोन तबकड्या आल्या. आवरणावर काळा चष्मा घातलेला रीड रुबाबात उभा. लोकांनी पैसे मोजले, तबकडी घरी नेली, सुई टेकवली. आत एकही गाणे नव्हते. शब्द नाहीत, ताल नाही, चाल नाही.

होते काय? सभेची व्यवस्था केलेल्या आपल्या कार्यकर्त्यांना ते चटकन कळेल. माईक कर्ण्यासमोर आला की तो शिट्टी मारतो, लोक कानांवर हात ठेवतात आणि माईकवाला धावत जातो. रीडने गिटारी ॲम्प्लिफायरसमोर ठेवून तीच शिट्टी मुद्दाम काढली, तिचे थर एकावर एक चढवले, टेपचा वेग बदलला आणि चार बाजू भरून काढल्या. प्रत्येक बाजूवर सोळा मिनिटे एक सेकंद अशी वेळ छापली होती. चौथ्या बाजूची शेवटची रेघ तर गोल बंद केलेली. पिन अडकली म्हणतो ना आपण, तशी ती तिथे अडकून राहायची आणि हाताने उचलेपर्यंत आवाज सुरूच.

गिऱ्हाईक भडकले. तबकड्या दुकानांत परत येऊ लागल्या. काहींना वाटले छापण्यातच बिघाड आहे. आरसीए कंपनीने सुमारे तीन आठवड्यांत माल बाजारातून काढून घेतला. बहुतेक समीक्षकांनी टर उडवली. मात्र 'क्रीम' या अमेरिकी मासिकातल्या लेस्टर बँग्ज नावाच्या लेखकाने उलटाच पवित्रा घेतला आणि आजवरचा सर्वांत थोर आल्बम तो हाच, असे लिहून टाकले. त्यात थट्टा किती आणि गांभीर्य किती, यावर आजही मतभेद आहेत. स्वतः रीडही कधी म्हणायचा आपण हे मनापासून केले, कधी थट्टेवारी न्यायचा. आवरणावरच्या मजकुरात मात्र, बहुतेकांना हे आवडणार नाही आणि त्याबद्दल आपला राग नाही, असे त्याने आधीच कबूल करून ठेवले होते.

आम्ही कॉमर्सची माणसे, हिशेबाच्या अंगाने पाहणार. आमचे मत असे की, परत करायला आलेल्या गिऱ्हाइकाचे चुकले नाही. ही इलेक्ट्रॉनिक वाद्यरचना आहे असे आवरणावर लिहिले होते खरे, पण मोठा फोटो लावून बारीक अक्षरांत खरे सांगणे ही व्यापाराची जुनी खोड आहे. माणसाने कष्टाचे पैसे गाण्यासाठी दिले होते. दोष आवाजाचा नव्हता, तो विकण्याच्या पद्धतीचा होता. नेमके हेच दोन्ही बाजूंच्या लोकांनी एकत्र कालवले. फसवले गेलो म्हणून जो राग आला तो आवाजावरच काढला गेला.

कारण पुढे काय झाले पाहा. २००२ साली बर्लिनमध्ये 'झाइटक्राट्झर' या वादकांच्या चमूने हाच आल्बम वाजवून दाखवला. उलरिख क्रीगर या सॅक्सोफोनवादकाने त्या कर्कश शिट्ट्या कानांनी टिपून व्हायोलिन, चेलो, पितळी वाद्ये यांच्यासाठी लिहून काढल्या. खुद्द रीड तिथे त्यांच्याबरोबर वाजवायला गेला. सत्तावीस वर्षांपूर्वी ज्याला बिघाड म्हटले ते आता नोटेशनचा कागद पुढे ठेवून वाजवले जात होते आणि तिकीट काढून आलेले लोक ते शांतपणे ऐकत होते. फरक एवढाच की, आपण काय ऐकायला आलो आहोत हे त्यांना ठाऊक होते.

याच रीडने पुढे मेटलवाल्यांशीच हातमिळवणी केली. २००९ साली न्यूयॉर्कच्या एका समारंभात तो 'मेटॅलिका' या बड्या बँडबरोबर वाजवला आणि २०११ मध्ये दोघांनी कॅलिफोर्नियात 'लुलू' नावाचा आल्बम केला. फ्रांक वेडेकिंड या जर्मन नाटककाराच्या दोन जुन्या नाटकांवर तो बेतलेला होता. जवळजवळ सत्त्याऐंशी मिनिटे मेटॅलिकाच्या गिटारी दणाणतात आणि वर सत्तरीकडे झुकलेला रीड, गाणे न म्हणता, खरखरीत आवाजात बोलत राहतो.

या आल्बमचे पहिले ऐकणारे म्हणजे वाजवणारेच. शेवटचे 'ज्युनिअर डॅड' हे गाणे बापाविषयी आहे, एकोणीस मिनिटांहून लांब. गिटारवादक कर्क हॅमेट याचे वडील काही आठवड्यांपूर्वीच वारले होते. त्याने नंतर मुलाखतीत सांगितले की, ते ऐकताना त्याला राहवेना. तो उठून स्वयंपाकघरात गेला आणि तिथे उभा राहून रडू लागला. एवढ्यात बँडचा गायक जेम्स हेटफील्डही आत आला, तोही रडतच. दांडगट समजल्या जाणाऱ्या संगीतातले हे दोन गडी चुलीपाशी उभे राहून बापासाठी रडत होते. आम्हाला या सगळ्या हकीकतीत हेच चित्र सर्वांत जवळचे वाटते.

बाहेरच्या ऐकणाऱ्यांनी मात्र दया दाखवली नाही. मेटॅलिकाचा आधीचा आल्बम २००८ साली अमेरिकेत पहिल्या तीन दिवसांत सुमारे ४,९०,००० खपला होता. 'लुलू' पहिल्या आठवड्यात सुमारे १३,०००. 'पिचफोर्क' या संगीत-प्रकाशनाने दहापैकी एक गुण दिला. टर उडवणाऱ्यांनी एका गाण्यातल्या टेबलाच्या उल्लेखावरून महिनोन्‌महिने विनोद केले. चाहते आपल्याला गोळी घालण्याच्या धमक्या देत आहेत, असे रीडने एका मुलाखतीत सांगितले. 'मेटल मशीन म्युझिक'नंतर आपले चाहते उरलेच कुठे, आता आपण आनंदासाठी करतो, असेही तो म्हणाला.

त्याच आठवड्यात मेटॅलिका आपल्या देशात होती, हे पुष्कळांना माहीत नसेल. २८ ऑक्टोबर २०११ चा गुडगावचा कार्यक्रम गर्दीने अडथळे तोडल्यामुळे आधी पुढे ढकलला, मग रद्द झाला आणि चिडलेल्या जमावाने मंचावरच्या सामानाची मोडतोड केली. ३० तारखेला बंगळुरूचा कार्यक्रम पार पडला आणि लगेच दुसऱ्या दिवशी 'लुलू' बाजारात आला. तिकीट काढून कार्यक्रम न मिळालेल्याचा संताप आम्हाला समजतो. पैसे परत मागा, तक्रार करा, पत्र लिहा, बटण बंद करा, हे सगळे ऐकणाऱ्याच्या अधिकारात बसते. आपल्या पसंतीचे वाजवले नाही म्हणून म्हाताऱ्या माणसाला गोळीची भाषा करणे त्यात बसत नाही. १९७५ च्या गिऱ्हाइकाने निदान पावती दाखवून तबकडी परत केली होती.

रीड २७ ऑक्टोबर २०१३ रोजी वारला. वय एकाहत्तर. दीड वर्षाने, २०१५ मध्ये, त्याच्या गौरवसमारंभात त्याची पत्नी लॉरी अँडरसन हिने सांगितले की, विख्यात गायक डेव्हिड बोवी याने रीड गेल्यावर आवर्जून तिला सांगितले होते, 'लुलू' हेच त्याचे सर्वांत मोठे काम, लोकांना कळायला वेळ लागेल. रीडच्या १९७३ च्या 'बर्लिन' या आल्बमचेही असेच झाले होते. आधी झोडपले, नंतर वाखाणले. आमच्या वाचकांना आणखी एका गोष्टीचे नवल वाटेल. गोंगाट करणाऱ्या या माणसाचा एकट्याचा शेवटचा स्टुडिओ आल्बम २००७ साली आला, तो ध्यानाला बसताना लावायच्या संथ आवाजांचा होता. तो आणि अँडरसन दोघेही मिंग्युर रिंपोचे या बौद्ध गुरूंचे विद्यार्थी होते.

आमच्या पिढीतली, गिरणीत उमेद घालवलेली मंडळी म्हणतात, "असला आवाज आम्ही खात्यात फुकट ऐकला, वर पगार मिळाला." त्यांचे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. आपल्याकडच्या कारखाना नियमांत आठ तासांसाठी ९० डेसिबलची मर्यादा आहे, आणि आवाजाने आलेला बहिरेपणा कामगार विम्याच्या कायद्यात व्यवसायजन्य आजार म्हणून नोंदलेला आहे. तो आवाज त्यांनी निवडला नव्हता, बटण त्यांच्या हातात नव्हते. मुलाच्या हातात ते आहे. म्हणून वडिलांना तो आवाज जुनी मशीन वाटतो आणि मुलाला मोकळीक वाटते. दोघेही खोटे बोलत नाहीत.

घरात हा विषय निघालाच तर आमची सूचना अशी. 'मेटल मशीन म्युझिक'ने सुरुवात करू नये, पाच मिनिटांत भांडण पेटेल. 'लुलू'मधले 'ज्युनिअर डॅड' रविवारी सकाळी, हेडफोन बाजूला ठेवून, लहान आवाजात लावावे. शेवटची काही मिनिटे नुसते तारवाद्यांचे लांबलचक सूर आहेत, तिथे मोबाईल बिघडला असे समजू नये. आणि हेडफोनच वापरायचा तर जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली मर्यादा आठवड्याला चाळीस तास, तीही ८० डेसिबलपर्यंतच, अशी आहे. पुष्कळ मोबाईलच्या सेटिंगमध्ये आवाजाची मर्यादा बांधता येते. ते काम मुलाकडूनच करून घ्यावे.